कोणत्या कामासाठी फिट?

अपघातातून उठलेला कामगार कामावर जाण्यास योग्य आहे, असे ज्या कागदावर डॉक्टरांनी लिहून द्यायचे असते, त्या कागदावर तो माणूस नेमके काय काम करतो हे लिहायला जागाच नसते. कंपनीचे नाव असते, ठेकेदाराचा शिक्का असतो, कामगाराचा विमा क्रमांक असतो आणि खाली एक छापील ओळ असते की सदर व्यक्ती अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास पात्र आहे. कोणत्या कामावर? पॉवर प्रेसमध्ये पत्रा सरकवण्याच्या, की गेटवर बसून नोंदवही लिहिण्याच्या? पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका पॅनेल डॉक्टरांच्या, म्हणजे कामगार विम्याच्या यादीवरच्या खासगी डॉक्टरांच्या, दवाखान्यात मी ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेची, कागदपत्रे सांभाळते. हा प्रश्न मी फोनवर विचारला की पलीकडून येणारे उत्तर ठरलेले आहे: "हेल्पर आहे मॅडम. सांगू ते करतो."

या पट्ट्यात कागदोपत्री सगळेच हेल्पर आहेत. ज्याच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली चेचली आहेत तो हेल्पर, ज्याच्या डोळ्यात ग्राइंडिंगची ठिणगी गेली आहे तो हेल्पर, आणि फाउंड्रीत पायावर तापलेला रस सांडलेला माणूसही हेल्परच. असे लिहिण्यात ठेकेदाराची सोय आहे, कारण ऑपरेटर लिहिले तर कुशल कामगाराचा दर द्यावा लागतो आणि या मुलाला त्या यंत्राचे प्रशिक्षण कधी दिले होते, असा पुढचा प्रश्न येतो. मग टाके काढून झालेले, पण मुठीत अजून पुरते न वळणारे बोट डॉक्टरांसमोर येते तेव्हा त्यांनी काय ठरवायचे? त्या हाताने झाडू धरता येईल. त्याच हाताने आठ किंवा बारा तासांच्या पाळीत, दर काही सेकंदांनी, खाली येणाऱ्या डायखालून, म्हणजे प्रेसच्या साच्याखालून, पत्रा ओढता येणार नाही. आरटीओत गाडीचे पासिंग करतानाही ती माल वाहणार की माणसे, हे विचारतात. माणसाचे पासिंग करताना मात्र ती चौकशी म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याने घातलेला खोडा ठरतो.

आणि कायदा याबाबतीत अजिबात गप्प नाही, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. राज्य कामगार विम्याच्या कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वाची व्याख्याच अशी आहे की, कामावरच्या इजेमुळे ज्याला वैद्यकीय उपचारांची गरज आहे आणि इजेपूर्वी किंवा इजेच्या वेळी जे काम तो करत होता ते काम करण्यास जो काही काळ असमर्थ झाला आहे, तो तात्पुरता अपंग. जे काम तो करत होता, तेच काम. कोणतेतरी काम नव्हे, चहा आणून देण्याचे काम नव्हे. म्हणजे कामगार बरा झाला की नाही हे त्याच्या जुन्या कामाकडे बघूनच ठरवायचे आहे, आणि ते जुने काम कोणते ते सांगायला कंपनीतला एकही माणूस तयार नाही. एचआरच्या खुर्चीत बसलेल्या किती जणांनी ही व्याख्या वाचली आहे, हे विचारायचेही मी आता सोडून दिले आहे.

फिटनेसची घाई कशासाठी असते, हेही उघड गुपित आहे. इजेमुळे कामगार अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून अधिक काळ कामाबाहेर राहिला, तर तो अपघात कारखाना निरीक्षकांना कळवावा लागतो. त्यामुळे अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी टाइमकीपर हजर होतो, सोबत बँडेज बांधलेला मुलगा असतो, आणि त्याला नुसते खुर्चीत बसवून ठेवू, हजेरी लागली की झाले, असे तो आम्हाला अगदी उपकार केल्याच्या स्वरात सांगतो. मागून एचआरचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो की तारीख कालचीच टाका. सलग इतक्या दिवसांत एकही अपघात नाही, असे सांगणारा फलक गेटवर लावलेला असतो. त्या फलकावरचा आकडा शाबूत ठेवण्याची जबाबदारी आमच्या काउंटरवर कधी आली, ते मला ठाऊक नाही.

तारखेचा हट्ट एक वेळ मोडून काढता येतो. त्याहून मोठा बदमाशपणा म्हणजे अपघाताचे आजारपण करून टाकणे. कामावर इजा झाली की मालकाने अपघात-अहवाल, ज्याला या लाइनीत सगळे बारा नंबरचा फॉर्म म्हणतात, तो चोवीस तासांत ईएसआयच्या शाखा कार्यालयाला आणि विमा वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यायचा असतो, आणि इजा गंभीर असेल तर तत्काळ. तो फॉर्म येत नाही. त्याऐवजी कामगाराला पढवून पाठवतात की घरी जिन्यावरून पडलो असे सांग. तो तसे सांगतो, कारण सांगितले नाही तर उद्या गेट बंद. या एका वाक्याने त्याचे काय काय जाते, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. कामावरच्या इजेसाठी सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो, अपंगत्व टिकेल तितके दिवस मिळतो, आणि त्यासाठी आधी वर्गणी किती दिवस भरली याची अट नाही. काल रुजू झालेल्यालाही तो हक्क आहे. आजारपणाचा लाभ मात्र ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि तोही सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल तरच. नव्या मुलांच्या पदरात त्यातले काहीच पडत नाही. पुढे कायमच्या अपंगत्वाचा दावा करायची वेळ आली तर तो वैद्यकीय मंडळापुढे जातो. कायद्याच्या अनुसूचीत संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, तिचे एक पेर गेले तर ९ टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के कमाईची क्षमता गेली असे मानले जाते, आणि त्या हिशेबाने आयुष्यभराचा लाभ ठरतो. पण पहिल्याच केसपेपरवर जिना लिहिलेला असेल तर मंडळापुढे ठेवायचे काय? जिन्यावरून पडून बोट काटकोनात, स्वच्छ रेषेत कापले जाते, असा जिना मला एकदा बघायचा आहे.

नोंदणीची कथा तर लिहायचीही लाज वाटते. नेमणुकीपासून दहा दिवसांत कामगाराची नोंदणी व्हायला हवी. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांचा विमा क्रमांक अपघाताच्या दिवशी दुपारी तयार झालेला असतो आणि रुजू झाल्याची तारीख त्याच्या आदल्या दिवसाची असते, जरी मुलगा स्वतः दिवाळीपासून तिथे राबतो आहे असे सांगत असला तरी. त्यात आधारवरचे नाव, बँकेच्या पासबुकावरचे नाव आणि ठेकेदाराने टंकलेले नाव एकमेकांशी जुळत नाही, आणि पैसे अडकतात.

पैसे अडकले की दबावाची दिशा बदलते, आणि हा भाग मला सगळ्यांत जास्त छळतो. आतापर्यंत एचआर मागत असलेले फिटनेस आता कामगार स्वतःच मागू लागतो. गावाकडे पैसे पाठवायचे राहिलेले असतात, खोलीचे भाडे थकलेले असते, आणि दर आठवड्याला प्रमाणपत्र वाढवून घेण्यासाठी रिक्षाला पैसे घालून तो येतो, पण खात्यात अजून काही जमा झालेले नसते. तो हात पुढे करून बोटे हलवून दाखवतो, चेहरा दुखणे लपवू शकत नाही, आणि म्हणतो की ताई, डॉक्टरसाहेबांना सांगा, फिट लिहून द्या. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही, असे मी त्याला कितीही समजावले तरी त्याला त्याचा ठेकेदार माझ्यापेक्षा चांगला माहीत असतो. ठेकेदार काढत नाही, तो फक्त पुढच्या महिन्याच्या यादीत नाव घालत नाही. लवकर फिट लिहून दिले आणि हात पुन्हा यंत्रात गेला, तर कंपनीकडे उत्तर तयार असते की त्यानेच मागितले, डॉक्टरांनीच दिले.

खोटी दुखणी काढून सुट्टी लांबवणारे महाभाग असतात, हे मी नाकारत नाही. त्यांना डॉक्टर बरोबर ओळखतात. पण त्यांच्या नावाने उरलेल्या सगळ्यांना संशयाच्या रांगेत उभे करायचे आणि त्याच वेळी यंत्रावरचे काम कसे आहे हे विचारले की तोंड मिटून बसायचे, ही चलाखी आता पुरे झाली.

मोठ्या कारखान्यांची तऱ्हा निराळी, पण फळ तेच. त्यांच्याकडे स्वतःचे वैद्यकीय केंद्र असते, तिथे डॉक्टर असतात, कायम कामगाराला काही दिवस हलके काम दिलेलेही मी पाहिले आहे. ठेक्यावरच्या मुलासाठी मात्र हलके काम नावाची वस्तू त्या आवारात अस्तित्वातच नसते. त्याला एकतर पूर्ण फिट म्हणून लाइनवर उभे राहायचे, नाहीतर घरी बसायचे. आमच्या डॉक्टरांनी एकदा "पंधरा दिवस उजव्या हाताने वजन उचलू नये" असे लिहून दिले, तर तो कागद गेटवरूनच परत आला. ‘कंडिशनल फिटनेस’ घेत नाही, असा निरोप होता.

म्हणून आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी अर्ध्या पानाचा एक नमुना तयार केला आहे. यंत्र कोणते, काम उभ्याने की बसून, एका वेळी वजन किती, पाळी किती तासांची, दोन्ही हात लागतात का, आणि हे लिहून देणाऱ्या सुपरवायझरचे नाव व सही. दोन मिनिटांचे काम आहे. ते भरून आले की डॉक्टर तपासून सही करतात, न आले तर करत नाहीत. परवा एका कंपनीतून तो नमुना कोराच परत आला. सोबत त्यांची तीच जुनी छापील ओळ होती, तारीख आधीच टाकलेली होती, आणि पेन्सिलने खूण केली होती की सही इथे.