इतिहासात एमए झालेल्या मुलांसाठी, आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही

निकाल लागले की मेसेंजरवर एकच प्रश्न येऊ लागतो, "ताई, इतिहासात एमए झालं, आता काय करू?" घरच्यांनी उत्तरं आधीच देऊन ठेवलेली असतात. नेट-सेट कर, बीएड कर, नाहीतर एमपीएससीला बस.

या वाटा वाईट नाहीत. पण नेट पास होऊन, पीएचडी करूनही सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिसवर), म्हणजे तासांच्या हिशेबाने राबणारी, सुट्टीत हातात काहीच न येणारी हुशार माणसं मुंबईतल्या कॉलेजांत किती आहेत ते मी जवळून पाहते. त्याच रांगेत अजून एक पोरगं उभं करायला मन धजत नाही.

म्हणून मी आधी एकच विचारते. मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, येते का? बहुतेकदा उत्तर "नाही" असतं. मराठ्यांच्या इतिहासावर पेपर देऊन आलेल्यांचंसुद्धा.

2023 साली मराठा आरक्षणाच्या मागणीवरून जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. महसुली कागद, शाळांची जुनी रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14, सगळी दप्तरं उघडली गेली. त्यातलं बरंच मोडीत होतं आणि ठिकठिकाणी मोडी वाचणाऱ्यांसाठी धावाधाव झाली. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो. एका घराचा दाखला एका ओळीवर अडलेला, आणि ती ओळ वाचणारा माणूस मिळत नाही, ही वेळ आपल्या राज्यावर आली. जमिनीच्या जुन्या वादांतही असे कागद निघतात आणि वकील लिप्यंतर करणाऱ्याला शोधत फिरतात. राज्य पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. एमएच्या पहिल्याच वर्षी तिथे नाव घाला.

मुंबईत तर कामाला तोटा नाही. पुराभिलेखागार, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (सीएसएमव्हीएस), भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, एशियाटिक सोसायटी ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण विक्रोळीत गोदरेजचं स्वतःचं अर्काइव्ह आहे, आणि स्त्रियांचा इतिहास आवाजात नि चित्रांत जपणारी 'स्पॅरो' 1988 पासून याच शहरात आहे, हे किती मुलांना वर्गात सांगितलं जातं? हेरिटेज इमारतींसाठीची नियमावली इथे 1995 साली आली. तेव्हापासून जुन्या इमारतीला हात लावायचा तर ती कधीची, कोणी बांधली, नंतर काय काय बदललं, हे कोणीतरी खणून काढावं लागतं. आर्किटेक्ट ते करतात, पण जुने नकाशे आणि महापालिकेचे अहवाल वाचायची शिस्त आपल्या मुलांकडे असते. त्यांना तिथे कोणी बोलावत नाही, आणि तेही जात नाहीत.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारे रियासतकार गो. स. सरदेसाई प्राध्यापक नव्हते. बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत असताना त्यांनी रियासत लिहायला घेतली, आणि निवृत्तीनंतर पेशवे दप्तराचे 45 खंड संपादित केले. नोकरी एक आणि इतिहास दुसरा, ही आपली जुनीच रीत आहे, त्यात कमीपणा काहीच नाही.

मात्र एक गोष्ट मला खरंच संतापजनक वाटते. "अनुभव मिळेल" म्हणत संस्था या मुलांकडून महिनोन्महिने फुकट कॅटलॉगिंग करून घेतात. विरारहून, बदलापूरहून रोज येणाऱ्या मुलीने पासाचे पैसे कुठून आणायचे? फुकटचं काम ज्याला परवडतं तोच या क्षेत्रात टिकतो, आणि मग शहराचा इतिहास कोणाच्या नजरेतून लिहिला जातो ते उघड आहे. गिरणगावातल्या घरांतून 1982 च्या संपाच्या आठवणी कोण गोळा करणार? ती पिढी आता थकली आहे.

माझ्या मित्रयादीत इतिहास शिकवणारे बरेच प्राध्यापक आहेत. पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत मोडीचा एक सक्तीचा पेपर आणि एका सत्राची मानधनासह अर्काइव्हमधली इंटर्नशिप, एवढ्या दोन मागण्या मांडा. मसुदा करायला हात हवा असेल तर मला लिहा, मी बसते तुमच्यासोबत.