‘तिकडे बघा’ म्हणणाऱ्यांनी तिकडे पूर्ण बघावं

21 नोव्हेंबर 2025ला चार लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाले तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच पालुपद चालू आहे, परदेशात बघा कसं हायर अँड फायर असतं म्हणून ते देश पुढे गेले आणि आपल्याकडे युनियनवाल्यांनी मुंबईच्या गिरण्या बुडवल्या. आणि मग मला टॅग करतात, तू सांग रे डेन्मार्कमध्ये कसं आहे ते.

सांगतो. इथे माणसाला काढणं सोपं आहे, अगदी खरं. सरकारची परवानगी वगैरे काही लागत नाही, बांधकामावरचा माणूस तर थोड्याशा दिवसांच्या नोटिशीवर घरी जातो. पण तो बहुतेक वेळा युनियनचा मेंबर असतो (इथे तिघांत साधारण दोघं असतात), ए-कासेचे, म्हणजे बेकारी विमा फंडाचे, हप्ते भरलेले असतात, आणि नोकरी गेली की दोन वर्षांपर्यंत दागपेंगे, म्हणजे बेकारी भत्ता, मिळतो, कमी पगारवाल्याला जुन्या पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत. आणि हे कोणाच्या चांगुलपणातून आलेलं नाही. 1899ला मालकांनी देशभर टाळेबंदी केली, कित्येक हजार कामगार महिनोन्महिने बाहेर होते, सप्टेंबरात तडजोड झाली. काम कसं चालवायचं हा मालकाचा अधिकार युनियनने मान्य केला, बदल्यात मालकांनी युनियन मान्य केली. दोन्ही गोष्टी एकाच करारात!

आपल्याकडे त्यातली पहिलीच उचलली, याचा मला राग येतो. आता 300पेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी नको, आधी ही मर्यादा 100 होती. फिक्स्ड टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, सगळीकडे चालेल, संपाला 14 दिवस आधी नोटीस. फिक्स्ड टर्मवाल्याला वर्षभरात ग्रॅच्युइटी मिळणार हे चांगलंच आहे, ते मी नाकारत नाही. 51 टक्के मेंबर असतील ती युनियन वाटाघाटीला बसणार असंही लिहिलंय, पण ज्याचं काँट्रॅक्ट दर काही महिन्यांनी रिन्यू व्हायचंय तो पोरगा मेंबरशिपचा फॉर्म कुठल्या जिवावर भरेल?

आणि गिरण्यांचं म्हणाल तर माझे वडील साचेखात्यात होते, मला कोणी शिकवू नये. 1982च्या संपात अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते, पण 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा हक्क फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनला. म्हणजे कामगारांनी ज्याला निवडला त्याला कायद्याने टेबलावर जागाच नव्हती. मालकांनी जुनी यंत्रं बदलली नाहीत, पुढे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, यावर ग्रुपवर कोणी एक ओळ लिहीत नाही.

मग कोणीतरी लिहितंच, तू तिकडे बसून बोलू नकोस. लागतं ते. पण सुरुवातीची वर्षं माझा परमिट नोकरीला बांधलेला होता, डॅनिश सहकाऱ्याला काढलं तर तो समरहाऊसला जाऊन सीव्ही लिहायचा, मला काढलं असतं तर आधी परमिटचं बघावं लागलं असतं. पुण्यात आयटीत असताना युनियन आमच्यासारख्यांसाठी असते असं कोणी कधी म्हटलंही नव्हतं, इथे पहिल्याच महिन्यात युनियनचा प्रतिनिधी डेस्कपाशी येऊन बसला. आज युनियनच्या मीटिंगमध्ये माझं डॅनिश अडखळतं, पण हात वर केला की एक मत धरलं जातं. इथल्या संसदेला मला मत नाही, भारतात द्यायचं तर स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. खरं सांगायचं तर मला मोजतात असं वाटावं अशी ती एकच जागा उरलीय.

परवा भाच्याने ग्रुप सोडून वेगळा मेसेज केला, चाकणला असतो तो, मामा, आमच्या प्लांटमध्ये असं काही सुरू करायचं तर कसं करतात रे? मी सांगितलं, युनियनच्या नोंदणीच्या अर्जाला सात जण पुरतात, पण मेंबर दहा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे हवेत. त्याचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. म्हणाला, रिन्यू झालं की बघू.