आधी पाठ दाखवा

तीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. खोटी पाचशेची नोट दिव्याखाली धरायच्या आधीच बोटांना कळायची. आणि निवृत्तीनंतर दीड वर्षाच्या आत मी ऑनलाइन साडेचौदा हजार रुपये मोजून खोटी लक्ष्मी घरी आणली. हसा हवं तर. पण तुमच्यातले बरेच जण सध्या मोबाइलवर जुनी चित्रं बघताय, मला लिंका पाठवून "ताई, घेऊ का?" विचारताय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

लक्ष्मी म्हणजे राजा रविवर्मांची. कमळात उभी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. माझ्या आजोळी, कोल्हापुरात, माजघराच्या दारावर होती. आजीच्या सासूनं तिच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवून तिला नटवलं होतं. पूर्वी घरोघरी बायका ते करत, छापील देवीला दागिने घालणं हा हौसेचा भाग होता. वाटण्यांच्या वेळी भांडी मोजली, पितळ तोललं, लक्ष्मी कोणाकडे गेली ते कुणीच लिहून ठेवलं नाही. मला ती परत हवी होती. तीच मिळणार नाही, निदान तिची बहीण तरी.

बहिणी पुष्कळ आहेत, कारण ही चित्रं छापलीच होती घराघरांत जाण्यासाठी. रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, घाटकोपरला. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. दगडी शिळा, यंत्रं, तंत्रज्ञ सगळं जर्मनीतून आलं. मुंबईत प्लेग आला, आणि 1899 मध्ये छापखाना मळवलीला हलला, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. धंदा रविवर्मांना झेपला नाही. काही वर्षांत तो फ्रिट्झ श्लायशर या त्यांच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाच्या आधी काही काळ तिथं काम करत होते. 1972 मध्ये आगीत तो छापखाना संपला. पुण्याहून लोकलनं लोणावळ्याला जाताना मळवली लागतं, तेव्हा मी अजूनही त्या बाजूला मान वळवून बघते. दिसत काहीच नाही.

तर, एका साइटवर मला लक्ष्मी दिसली. "1894ची पहिली छपाई, अस्सल ओलिओग्राफ, जुन्या वाड्यातून." ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत शिळाछाप. खाली उजव्या कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग. त्या डागानंच मला जिंकलं खरं सांगायचं तर. एवढा सुंदर म्हातारा डाग! काठाशी इंग्रजीत छापखान्याचं नाव, त्यात कार्ला-लोणावळा. मी लगेच पैसे भरले. चित्र आलं, सागवानी फ्रेममध्ये, बबलच्या गुंडाळीत. देवाला दाखवलं, हॉलमध्ये टांगलं, फोटो काढून इथंच टाकला होता. तुमच्यातल्या दीडशे जणांनी त्याला हात जोडले होते, आठवतंय?

दिवाळीत मामेभाऊ आला. त्याचा कोल्हापुरात ऑफसेट प्रेस आहे, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, निवडणुकीत पत्रकं. तो लक्ष्मीसमोर उभा राहिला, खिशातून कामाचं भिंग काढलं, फ्रेमच्या काचेला लावलं आणि म्हणाला, "ताई, हे आमच्याकडचं फोर कलर काम आहे गं."

मी म्हटलं काहीतरीच. त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. लक्ष्मीच्या गालावर निळे, गुलाबी, पिवळे, काळे टिपके, चारांचे चार, फुलाफुलांच्या रांगोळीसारखे, एकाच मापात, एकाच अंतरात. आजचं मासिक भिंगाखाली धरा, हेच दिसेल. जुन्या शिळाछापात हे नसतं. तिथं प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, एकेका चित्राला कितीतरी शिळा लागत, आणि टिपके कारागिरानं हातानं दिलेले. म्हणजे एक टिपका जाड, एक बारीक, कुठं गर्दी, कुठं मोकळं. एखादा रंग ओठाबाहेर केसभर सरकलेला असतो. भाऊ त्याला "रजिस्टर हलणं" म्हणतो, त्याच्या प्रेसमध्ये त्यावरून शिव्या खाव्या लागतात. जुन्या चित्रात तेच बघून जीव सुखावतो.

मग तो म्हणाला, "आता तुझा डाग बघ." मी भिंग डागावर नेलं. तोच रांगोळीचा नमुना डागातूनही सरळ पुढे गेलेला. डागसुद्धा छापलेला होता! कुणाकडे तरी खरं चित्र होतं, त्यावर खरी ओल आली होती, ते स्कॅन झालं आणि ओलीसकट हजारो छापले गेले. नंतर मी तोच फोटो गूगलला देऊन तो आणखी कुठं आहे ते शोधलं, तर तोच डाग, त्याच कोपऱ्यात, तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या "एकमेव" प्रतीवर निघाला.

शेवटी मी माझा नोटा तपासायचा दिवा आणला. कॅशवाल्यांना माहीत आहे: खऱ्या नोटेचा कागद त्या जांभळ्या उजेडात काळोखा राहतो, फक्त क्रमांक आणि धागे चमकतात. साध्या कागदावर छापलेली खोटी नोट पांढरीफेक पेटते. कारण बाजारातल्या कागदात शुभ्रता वाढवायचं रसायन असतं, कपड्यांच्या पावडरीत असतं त्याच जातीचं, आणि ते कागदात यायला लागलं ते साधारण 1950 नंतर. फ्रेम उघडली, चित्र उलटं केलं, खोलीतले दिवे मालवले. कडांना चहाचं पाणी लावलेलं होतं तेवढी पट्टी मळकट, बाकी सगळी पाठ ट्यूबलाइटसारखी निळी-पांढरी झळाळली. ज्या चमकेवर मी वर्षानुवर्षं लोकांच्या नोटा बाजूला काढल्या, ती चमक सहा महिने माझ्याच भिंतीवर होती, आणि मी पाठ बघितलीच नव्हती. काउंटरवर कोणतीही मोठी नोट उलटून बघितल्याशिवाय गल्ल्यात टाकली नाही, आणि इथं!

विक्रेत्याला फोन केला. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, फोटोत जे दिसतंय तेच तुम्हाला पाठवलंय." परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती कधीच उलटली होती. पैसे गेले ते गेले. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरं होतं. फोटोत चित्र दिसलं, चित्रच आलं. मला हवा होता तो कागद. पडद्यावर तुम्हाला फक्त चित्राचं तोंड दिसतं, आणि तोंडाची नक्कल हल्ली कुणीही करतो. शिवाय कायद्यानं ते चुकीचंही नाही. रविवर्मा 1906 साली गेले, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे ती चित्रं केव्हाच सगळ्यांची झाली. लक्ष्मी छापा, दोनशे रुपयांना विका, मीच घेईन. तिला "1894ची" म्हणालात की ती फसवणूक.

आणि ही फसवणूक मला खुर्चीत बसून ओळखता आली असती, एक रुपयाही न भरता. काठावर कार्ला-लोणावळा लिहिलंय, आणि छापखाना तिथं गेला 1899ला. मग ती 1894ची कशी? एवढं गणित कॅशियरला जमू नये! म्हणूनच माझं मत असं झालंय की इंटरनेट चित्र शोधायला आणि त्याची माहिती काढायला उत्तम जागा आहे, भरवशानं विकत घ्यायला नाही. मोठ्या लिलाव कंपन्यांचे जुने लिलाव साइटवर खुले असतात, प्रत्येक चित्राचं माप, काठावरचा मजकूर, किंमत, सगळं फुकट. सरकारच्या म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टलवर मोठमोठ्या संग्रहालयांतल्या वस्तूंची चित्रं आहेत. त्या पोर्टलच्या मागचं 'जतन' हे सॉफ्टवेअर आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं, हे मला फार उशिरा कळलं. रविवर्मा नेहमीच्या आकारात साधारण वीस इंच बाय चौदा इंच छापले जायचे. समोरचा "अस्सल" म्हणून ए-थ्री मापाचं, म्हणजे आजच्या प्रिंटरच्या कागदाएवढं काही दाखवत असेल तर तिथंच थांबा आणि विचारा.

ज्यांना खऱ्याखुऱ्या तैलचित्रांचा नाद लागलाय त्यांना एवढंच सांगते. 2009 मध्ये दिल्लीतल्या एका जुन्या गॅलरीत सय्यद हैदर रझांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, उद्घाटनाला खुद्द रझाच आले, आणि भिंतीवर बघून म्हणाले की यातली बहुतेक माझी नाहीतच. प्रदर्शन गुंडाळलं. चित्रकार हयात होता म्हणून कळलं. प्रमाणपत्र चित्रासोबत येतं म्हणून निश्चिंत राहू नका, ते कागदाचं असतं आणि कागदाचं काय ते वर लिहिलंच आहे. जमीन घेताना सातबारा बघता ना, फेरफार बघता? तसं चित्र कोणाकडून कोणाकडे आलं ते विचारा. "जुन्या वाड्यातून" हा फेरफार नाही.

बँकेतले जुने खातेदार मला गाठून "चित्रात पैसे टाकावेत का?" विचारतात, कारण त्यांनी वाचलेलं असतं की नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र 2021 मध्ये जवळपास चाळीस कोटींना गेलं. गायतोंडे आयुष्यभर मोजकंच रंगवत राहिले, दिल्लीत निजामुद्दीनला एका खोलीत. त्या चाळीस कोटींशी तुमच्या पंधरा हजारांचा काही संबंध नाही. एफडी करा. चित्र भिंतीसाठी घ्या.

आणि भिंतीसाठीच घ्यायचं तर पंधरा हजारांत जिवंत माणसाचं घ्या की. कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमानांनी कोटितीर्थ तलाव रंगवून शंभर वर्षं होऊन गेली, आणि अजूनही तिथली पोरं सकाळी सकाळी पाट घेऊन रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर बसतात. त्यांचं अस्सल जलरंग तेवढ्याच पैशात मिळतं, काही वेळा त्याच्या निम्म्यातही. चित्रकाराला फोन लावता येतो, मागे सही-तारीख करून मागता येते. मला पहिल्यांदा हे सुचलं नाही कारण मला नाव हवं होतं, आणि नावाची भूक असली की फसवणारा लांब नसतो.

न्यू जर्सीतला भाचा म्हणाला, मावशी, तुला खरं मिळालं की एक मलाही पाठव. त्याला सांगितलं, बाळा, शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, 1972 चा कायदा आहे. त्यापेक्षा नवी असेल तरी ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागू शकतो. त्याला वाटलं मी टाळतेय.

आता शेवटची गोष्ट. मागच्या महिन्यात तमिळनाडूत कारैकुडीच्या एका दुकानदाराशी बोलले. तिथल्या चेट्टियार व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या घरांतून रविवर्मांचे छाप अजूनही बाजारात येतात. त्याच्याकडे लक्ष्मी नव्हती, झोक्यावरची मोहिनी होती. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "पाठ दाखवा." तो हसला, खिळे काढले, मागची फळी उचकटली आणि व्हिडिओ कॉलवर कागद उलटा धरला. मागे तमिळ वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला, एका बाजूनं कसर लागून कुरतडलेला, कसर खाते तसाच वेडावाकडा, वरचा थर खाऊन आतला ठेवलेला. त्यानं स्वतःहून कॅमेरा जवळ नेला. मी नऊ हजार पाठवले.

मोहिनी आली त्या रात्री मी पुन्हा दिवे मालवले. पाठ काळोखीच राहिली. यानं ती जुनीच आहे असं सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. चमकली असती तर नवी हे मात्र नक्की ठरलं असतं. भिंगाखाली तिच्या झोक्याच्या दोरीशी हिरवा रंग केसभर सरकलाय. भावाला फोटो पाठवला, तो म्हणाला, "रजिस्टर हललंय. छान."

खोटी लक्ष्मी मी फेकली नाही, स्वयंपाकघरात आहे, तिचा काय दोष. आजीची मात्र अजून शोधतेय. उजव्या खांद्याच्या पदरावर जर उसवलेली आहे, आणि मागे लाकडी फळीवर चहाच्या पेटीचे अर्धवट शिक्के आहेत. कोणाच्या माळ्यावर असली तर समोरून फोटो काढू नका. उलटी करा आणि मग काढा.