स्ट्रेस इकोच्या बिलाबद्दलच्या वन-स्टार रिव्ह्यूला सेंटरच्या मालकाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वडिलांना जिना चढताना छातीत भरून येत होतं म्हणून स्ट्रेस इको (आरामात आणि ताणात हृदयाच्या भिंती कशा हलतात ते सोनोग्राफीने बघायची टेस्ट) करायला सांगितली, फोनवर एक आकडा सांगितला आणि बिल त्याच्या जवळजवळ दुप्पट आलं, "दहा मिनिटांच्या सोनोग्राफीचे एवढे पैसे", साध्या टीएमटीत (ट्रेडमिलवर चालवून फक्त ईसीजी बघायची टेस्ट) भागलं असतं, आणि एवढं करून रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पैसे पाण्यात. वडिलांच्या तब्येतीबद्दल मी इथे चारचौघांत काही बोलणार नाही, तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढंच धरतो. मी डॉक्टर नाही, सेंटर माझं आहे आणि बिलं माझ्या टेबलावरून जातात, तेव्हा बिलाचं मीच सांगतो.

फोनवरचा आकडा ट्रेडमिलवरच्या स्ट्रेस इकोचा होता, तुम्ही तेच विचारलं होतं. इथे आल्यावर गुडघ्यांमुळे चालणं जमणार नाही असं दिसलं (हे तुम्हीच लिहिलंय) म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनवाली टेस्ट करायचं ठरवलं, आणि नवीन आकडा लिहिलेल्या कागदावर सुई लावायच्या आधी सही झालीय, तुमचीच. घाईत केली असेल, असल्या कागदांवर सगळेच तशी करतात, मी पण करतो, पण आकडा लपवला हे मी ऐकून घेणार नाही.

आता दोन्हीच्या रेटमध्ये एवढा फरक का. ट्रेडमिलवर पेशंट चालतो, दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो, ठोके टार्गेटला पोचले की लगेच उतरून डाव्या कुशीवर झोपायचं आणि 60 ते 90 सेकंदांच्या आत सगळे फोटो घ्यायचे, कारण ठोके खाली आले की असलेला दोषही दिसेनासा होऊ शकतो. टार्गेट म्हणजे 220 मधून वय वजा करून त्याचे 85 टक्के, 60 वर्षांच्या माणसाला 136. ज्याला चालताच येत नाही त्याच्या हृदयाला हीच मेहनत औषधाने करायला लावतात, डोब्युटामिन नावाचं ठोके वाढवणारं औषध पंपावर लावायचं, वजनाच्या दर किलोला मिनिटाला 5 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, मग दर 3 मिनिटांनी 10, 20, 30, 40, तरी ठोके वाढेनात तर ॲट्रोपिन हे आणखी एक औषध, आणि सगळा वेळ ईसीजी, बीपी, इको चालू. औषध बंद केल्यावर असर काही मिनिटांत उतरतो पण ठोके पूर्ववत होईपर्यंत पेशंटला उठवत नाहीत. हे सगळं धरून तास गेला तर नवल नाही. दहा मिनिटं हा हिशोब कुठून आला मला खरंच कळलं नाही.

मशीन तेच असतं हो, ज्यावर साधी टू-डी इको होते. पैसे लागतात ते माणसांना आणि तयारीला. इको करणारा, नर्स, डॉक्टर, आणि बाजूला डिफिब्रिलेटर (शॉक देऊन ठोक्यांची लय ताळ्यावर आणायचं मशीन) चालू स्थितीत, कारण या औषधाने ठोक्यांची लय बिघडू शकते, गंभीर प्रकार क्वचित होतात पण ते होतील असं धरूनच टेबल मांडावं लागतं. वापर झाला नाही म्हणून त्याचा खर्च होत नाही असं नाही. मग रिपोर्ट वाचणारे डॉक्टर हृदयाचे 17 भाग, आरामातले आणि ताणातले, शेजारी शेजारी लावून बघतात, त्यांची फी वेगळी.

बिलातली "कॉन्ट्रास्ट" ही ओळ तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलीय. काही लोकांच्या छातीची ठेवण अशी असते किंवा फुप्फुसं मध्ये येतात, त्यामुळे हृदयाच्या भिंती नीट दिसत नाहीत, लागून असलेले दोन भाग दिसत नसतील तर गॅसच्या सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देतात. सीटी स्कॅनमधला डाय तो हा नव्हे. लागेल की नाही हे बऱ्याचदा प्रोब ठेवल्यावरच कळतं, म्हणून एस्टिमेटमध्ये "लागल्यास" लिहिलेलं असतं.

टीएमटीचं म्हणाल तर ती स्वस्त आहे आणि ज्याचा ईसीजी मुळात नॉर्मल आहे आणि ज्याला चालता येतं त्याला बऱ्याचदा पुरतेही, पण तीही ट्रेडमिलवरच होते ना सर. आणि नॉर्मल रिपोर्टला वाया गेलेले पैसे म्हणू नका, ताणात हृदय नीट चाललं तर पुढच्या वर्षात हार्ट अटॅकचा धोका साधारण 1 टक्क्याच्या आत धरतात, अँजिओग्राफी पण बऱ्याचदा टळते. हां, काहीच त्रास नाही, रिस्क नाही आणि नुसतं चेकअप म्हणून कुणी ही टेस्ट मागत असेल तर करू नका, अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने 2012 सालीच हे सांगितलंय, आणि आमच्या काउंटरवरून असे लोक परत पाठवलेत म्हणून पण शिव्या खाल्ल्यात.

बाकीचे जे हे वाचतायत त्यांच्यासाठी, बुकिंगला फक्त "स्ट्रेस इकोचे किती" एवढं विचारू नका. चालून की औषधाने, आरामातली इको त्यात धरलीय का, नुकतीच झालेली असेल तर परत लागेल का, रिपोर्टची फी आत की बाहेर, कॉन्ट्रास्ट लागला तर किती, एवढं विचारा आणि लेखी घ्या. हॉस्पिटलमध्ये करणार असाल तर तिथला वेगळा चार्ज लागतो का तेही विचारा. बीटा ब्लॉकरची (ठोके कमी ठेवणारी) गोळी चालू असेल तर ती थांबवायची का हे तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण गोळीमुळे ठोके टार्गेटला पोचले नाहीत तर टेस्ट अर्धवट राहते आणि पुन्हा पैसे भरायची वेळ येते. ॲडमिट न होता केलेल्या टेस्टचे पैसे प्रत्येक पॉलिसी देतेच असं नाही, आणि देत असली तरी काही कंपन्या आधी परवानगी मागतात, नंतर भांडून उपयोग होत नाही.

सर, ओळीनिहाय बिलाची कॉपी काउंटरवर तुमच्या नावाने काढून ठेवलीय, सही केलेला एस्टिमेट सोबत जोडलाय. क्लेम टाकणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट पण लागेल, ते घेऊन या, फॉर्म आमची मुलं भरून देतील, त्याचे पैसे नाहीत. एखादी ओळ तरी पटली नाही तर मला बोलवा, मी दुपारनंतर असतो.