कलावंत व्हायचे आहे? मग इंजिनिअरिंगच घ्या

आपल्या अंगी काही कला आहे हे घरच्यांच्या लक्षात आले असेल, तर घाबरून जाऊ नये. पुण्यात या दुखण्यावर खात्रीचा उपाय आहे. येथे इंजिनिअरिंग १८५४ पासून शिकवले जाते, आणि एवढ्या अनुभवी गावाचा सल्ला मोडण्याइतके आपण मोठे झालेलो नाही.

दहावीपर्यंत चित्रकला अवश्य जोपासावी. इंटरमीजिएटची परीक्षा तर द्यावीच, कारण तिथे ए ग्रेड मिळाली की दहावीच्या गुणांत ७ गुणांची भर पडते. बी मिळाली तर ५, सी मिळाली तर ३. या गुणांच्या जोरावर सायन्सचा प्रवेश पक्का झाला, की चित्रकलेचे आपल्या आयुष्यातील कार्य संपले असे समजून रंगपेटी माळ्यावर टाकावी. टिळक रस्त्याने जाताना अभिनव कला महाविद्यालयाची पाटी दिसेल, तेव्हा मोबाइलमध्ये पाहावे.

इंजिनिअरिंगला गेल्यावर हातातली कला जाईल, ही भीती निराधार आहे. माझा भाचा शाळेत असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर बसून नदीपात्रातल्या म्हशी काढत असे. पहिल्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री त्याने दोन खुर्च्यांवर टीपॉयची काच ठेवली, खाली टेबललॅम्प लावला, मित्राची शीट काचेवर चिकटवली आणि तिच्यावर आपला कोरा कागद पसरून पहाटे चारपर्यंत रेघ न् रेघ गिरवली. या विद्येला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणतात. मित्राने चुकवलेले एक मापही त्याने इमानाने उतरवले. म्हशी काढताना एवढी एकाग्रता मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

नाटकाची ओढ असेल, तर इंजिनिअरिंगला पर्यायच नाही. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक रीतसर शिकता येते, पण तिथे ते अभ्यासक्रमातच असल्यामुळे चोरून करण्याची गोडी त्याला कशी येणार? १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी तालमी करताना हजेरी बुडवणे, घरी जर्नल पूर्ण करतो आहे असे सांगून मध्यरात्री परतणे आणि केटी लागल्यावर, म्हणजे विषय राहिल्यावर, दिग्दर्शकाऐवजी गणिताच्या मास्तरांना दोष देणे, हे संस्कार कोणतीही नाट्यशाळा देत नाही. चित्रपटाचे वेड असल्यासही घाई करू नये. एफटीआयआयच्या अनेक अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे आपली ही चार वर्षे तिथे पात्रता म्हणून नक्की धरली जातील. ती संस्था ज्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आहे, तो उभारणाऱ्यांपैकी दामले आणि फत्तेलाल हे मूळचे चित्रकार होते, हे मात्र वडिलांसमोर काढू नये.

वडील गप्प बसले, तरी काका बसणार नाहीत. ते डॉक्टरांचे दाखले देतील: जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, आधी डिग्री, मग नाटक. दाखले खरेच आहेत. पण डॉ. लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, चालता व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली; काकांची गोष्ट नेहमी १९६८ पर्यंत येऊन थांबते आणि ते चहा मागवतात. आपण तो निमूटपणे प्यावा.

पुढे हिंजवडीत नोकरी लागेलच. तिथे दिवाळीच्या आधी प्रत्येक मजल्याची रांगोळी स्पर्धा असते, आणि एचआरची ताई कोणाकडून तरी ऐकून आपल्या टेबलापाशी येईल व विचारेल, “तू शाळेत ड्रॉइंग करायचास ना रे?” त्या दिवशी दुपारी तीननंतर काम माफ असते. रंग आपल्या पैशाने आणावे लागतात. बिल जपून ठेवावे, पुढच्या महिन्याच्या पगारात मिळते.