लस येण्याआधी कोच मरत नव्हते?

मराठी ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेतले धडधाकट कोच पटापट का मरताहेत?’ खाली पाच मुद्दे. पहिला, 2021 च्या आधी तिथल्या कॉलेज फुटबॉलचा एकही मुख्य कोच नोकरीत असताना हृदयविकाराने गेलेला नाही. दुसरा, मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचे कोच माइक लीच कोविडच्या लसीमुळे गेले आणि खरं कारण दडपलं गेलं. तिसरा, अशा मृतांसाठी एका विद्यापीठाने स्मारक बांधलं, सोबत फोटो. चौथा, हृदयाला सूज येणं हा लसीनंतरचा नवा आजार आहे, म्हणून फ्लूची लस घेऊ नका, बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही बंद करा आणि रोज उपाशीपोटी लसूण खा. पाचवा, मीडियाने हे सगळं लपवलं.

सांगलीत माझ्या आईपर्यंत हा मेसेज पोचला तो थेट काकांकडून. काका बँकेतून रिटायर झालेले, हिशेबाला पक्के, त्यामुळे घरात त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. आईने फोनवर विचारलं, “तुमच्या तिकडचंच आहे ना गं हे? तुला कसं माहीत नाही?” आणि बोलता बोलता सांगून टाकलं की बीपीची गोळी तिने बंद केली आहे. मी शिकागोच्या उत्तरेला राहते, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं मैदान घराजवळ आहे, आणि या खेळाच्या शनिवारच्या मॅचेस आमच्या घरात वर्षानुवर्षं बघितल्या जातात. म्हणून हे मलाच लिहायला हवं.

आधी एवढं सांगते की हा आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. कॉलेजच्या संघांना इथे प्रचंड मान आहे. कितीतरी राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी माणूस म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल कोच असतो. असा कोच नोकरीत असताना गेला, तर ती बातमी सगळ्यांना कळते.

आता पहिला मुद्दा. 2021 च्या आधी एकही नाही? रँडी वॉकर हे नाव इव्हन्स्टनमध्ये, म्हणजे नॉर्थवेस्टर्नच्या गावात, कुणालाही विचारा. नॉर्थवेस्टर्नचे मुख्य कोच, वय 52. 29 जून 2006 च्या रात्री घरी छातीत दुखायला लागलं आणि हार्ट अटॅकने गेले. मेसेज लिहिणाऱ्याने जरा वाचलं असतं तर पुढची गोष्टही कळली असती. ऑक्टोबर 2004 मध्ये, म्हणजे कोविडचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, वॉकर छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलमध्ये दाखल झाले होते. निदान झालं मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. कारण विषाणूसंसर्ग. चौथ्या मुद्द्यात ज्याला ‘लसीनंतरचा नवा आजार’ म्हटलंय, तोच हा. ते गेल्यावर त्यांचे सहायक पॅट फिट्झजेराल्ड 31 व्या वर्षी मुख्य कोच झाले, आणि त्या मोसमातली पहिलीच मॅच ओहायोतल्या मायामी विद्यापीठात होती. वॉकर तिथेच शिकले, तिथेच खेळले, तिथेच आधी कोच होते. नॉर्थवेस्टर्न 21-3 ने जिंकलं. या माणसाचा मृत्यू इथल्या लोकांना इतका ठसठशीत आठवतो, आणि मेसेज म्हणतो असं कधी झालंच नाही.

आणखी मागे जाऊ. हॉवर्ड जोन्स, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मुख्य कोच, 1941 च्या जुलैमध्ये हार्ट अटॅकने गेले, वय 55. पर्सी हॉटन, कोलंबिया विद्यापीठाचे कोच, ऑक्टोबर 1924 मध्ये ऐन मोसमात हृदयविकाराने गेले, वय 48. शंभर वर्षं झाली त्याला. इतर कारणांनी गेलेले वेगळेच: नोत्र दामचे नूट रॉकनी 1931 मध्ये कॅन्ससमधल्या विमान अपघातात, नॉर्थ कॅरोलायनाचे जिम टेटम 1959 मध्ये संसर्गाने, इंडियानाचे टेरी हेप्नर 2007 मध्ये मेंदूच्या कॅन्सरने. एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) बो राइन तर 1980 मध्ये, नेमणुकीला दीड महिना होतो न होतो तोच, एकही मॅच न खेळवता गेले. त्यांचं छोटं विमान भरकटून अटलांटिकवर गेलं आणि समुद्रात पडलं.

कोच म्हणजे बहुतेक 40 ते 65 वयाचे पुरुष. झोप अर्धवट, अर्धं वर्ष प्रवासात, एक मोसम वाईट गेला की नोकरीवर गदा. अमेरिकेत सगळ्यात जास्त माणसं हृदयविकाराने जातात, मग कोचांनाच त्यातून सूट कशी मिळेल? मिशिगन स्टेटच्या मार्क डँटोनिओंना सप्टेंबर 2010 मध्ये नोत्र दामला हरवल्यानंतर काही तासांत हार्ट अटॅक आला. वेळेत हॉस्पिटलात पोचले, म्हणून वाचले. काका, ‘वेळेत हॉस्पिटलात’ हे जरा दोनदा वाचा.

माइक लीच. वय 61, ‘एअर रेड’ नावाच्या, चेंडू हाताने लांब फेकत पुढे जाण्याच्या खेळाचे मोठे जाणकार, खेळाशिवाय शंभर विषयांवर बोलणारे, त्यामुळे लोकांचे लाडके. 12 डिसेंबर 2022 ला गेले. विद्यापीठाने कारण त्याच वेळी जाहीर केलं: हृदयाच्या आजारातून उद्भवलेली गुंतागुंत. त्या मोसमात आपल्याला न्यूमोनिया झाला होता, हे लीच स्वतःच बोलले होते. कुटुंबाने हेही सांगितलं की जाताना त्यांनी अवयवदान केलं. यात दडपलेलं काय आहे? लसीचा संबंध सांगणारा एक डॉक्टर, एक कागद, एक ओळ मेसेजमध्ये नाही. नाव आणि फोटो टाकला की पुरावा झाला, असं समजून चालायचं का?

तिसरा मुद्दा वाचून मात्र मला खरंच राग आला, कारण तो फोटो मी ओळखला. तांब्या-पितळेच्या लांब पट्ट्या वर जाऊन फाकलेल्या, त्यातून पाणी. वेस्ट व्हर्जिनियात हंटिंग्टन इथे मार्शल विद्यापीठाच्या आवारातलं हे कारंजं हॅरी बर्टोया या शिल्पकाराने घडवलं आणि 1972 मध्ये ते उभं राहिलं. मेसेजमध्ये त्याच्याखाली लिहिलंय, ‘लसीने गेलेल्या कोचांचं स्मारक’.

ते स्मारक 14 नोव्हेंबर 1970 चं आहे. मार्शलचा संघ नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध 17-14 ने हरून विमानाने परत येत होता. पाऊस, धुकं. हंटिंग्टनची धावपट्टी जेमतेम पुढे असताना विमान टेकडीवरच्या झाडांना धडकलं. 75 माणसं होती, एकही वाचलं नाही. 37 खेळाडू होते. मुख्य कोच रिक टॉली अवघे 30 वर्षांचे होते. सोबत गावातले डॉक्टर, व्यापारी, संघामागे फिरणारी मंडळी होती, त्यामुळे गावातली कितीतरी मुलं एका रात्रीत दोन्ही आईबापांना मुकली. सहा खेळाडूंची ओळखच पटली नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरलं. दरवर्षी 14 नोव्हेंबरला लोक त्या कारंज्याभोवती जमतात, एकेक नाव वाचलं जातं आणि कारंजं बंद करतात, ते वसंतात पुन्हा सुरू होतं. या अपघाताच्या सहा आठवडे आधी, 2 ऑक्टोबर 1970 ला, विचिटा स्टेटचं एक विमान कोलोराडोच्या डोंगरात पडलं होतं. तिथे 31 जण गेले, त्यात मुख्य कोच बेन विल्सन होते.

या गावाच्या दुःखाचा फोटो उचलायचा आणि त्यावर आपली खोटी ओळ चिकटवायची. ज्याने हे केलं त्याला फोटो कुठला हे शोधायला एक मिनिट लागलं असतं. बहुधा त्याला ते ठाऊकच होतं. सांगलीत किंवा साताऱ्यात कोण ओळखणार, एवढाच त्याचा हिशेब.

आता चौथा मुद्दा, कारण माझी आई त्यात अडकली. यात अर्धं सत्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींनंतर काही जणांना मायोकार्डायटिस झाला. प्रामुख्याने तरुण मुलग्यांना, बहुधा दुसऱ्या डोसनंतर आठवडाभरात, आणि बहुतेक जण बरे झाले. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने हे 2021 मध्येच जाहीर केलं. पण आईला, काकांना आणि भारतात जवळजवळ सगळ्यांना मिळाली ती कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन. या दोन्ही एमआरएनए लशी नाहीत. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका होता, तोही खरा, पण अत्यंत विरळा, आणि डोसनंतरच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतला. इतक्या वर्षांनी तो गोळीच्या पाकिटातून कसा बाहेर येईल?

‘पण अचानक मृत्यू तर वाढलेत’ असं काका म्हणतात. त्यासाठी आपल्याच आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, अभ्यास आहे, 2023 मध्ये त्यांच्याच नियतकालिकात छापलेला. ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात 18 ते 45 वयातले, वरकरणी निरोगी असलेले आणि कारण न कळता अचानक गेलेले 729 जण त्यांनी 47 हॉस्पिटलांतून घेतले, आणि त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच परिसरातल्या 2,916 हयात लोकांशी ताडून पाहिले. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता कमी होती. धोका वाढला होता तो कोविडमुळे हॉस्पिटलमध्ये राहून आलेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांत, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत किंवा अंगाबाहेरचे कष्ट केलेल्यांत. हा अभ्यास तरुणांचा आहे, माझ्या आईच्या वयाचा नाही, हे मान्य. पण मेसेजचा सगळा आरडाओरडा तरुण, धडधाकट माणसांबद्दलच आहे ना? त्याला उत्तर हेच आहे.

आणि यात बीपीची गोळी कुठून आली? लसीशी तिचा काडीचा संबंध नाही. गोळी सोडली की बीपी गुपचूप चढतं, आणि कित्येकदा ते कळतं ते अर्धांगाचा झटका आल्यावर. लसूण आमटीत घाला, चटणीत घाला, तो गोळीची जागा घेत नाही. फ्लूच्या लसीचंही तेच. फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका वाढतो, म्हणून तर हृदयरोगी आणि म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर ती लस घ्यायला सांगतात. मेसेजने सल्ला दिला तो नेमका उलटा.

पाचवा मुद्दा दोन ओळींत संपतो. लीच यांची बातमी इथल्या प्रत्येक चॅनेलवर होती. 2 जानेवारी 2023 ला त्यांच्या संघाने इलिनॉयला 19-10 ने हरवलं, ती मॅच देशभर थेट दाखवली आणि मॅचभर त्यांच्याबद्दलच बोलत होते. लपवायचं ते असं?

काका, आणि ज्यांनी ज्यांनी हे पुढे ढकललं ते सगळे: ज्या ग्रुपवर टाकलंत त्याच ग्रुपवर लिहा की हा मेसेज खोटा आहे आणि फोटो 1970 च्या विमान अपघाताच्या स्मारकाचा आहे. मग घरातल्या मोठ्या माणसांना एकेकाला फोन करून विचारा, तो वाचून कुणी गोळी सोडली का. सोडली असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन लावा.