फोनमध्ये काय नाहीये तेही छापा की

नवीन फोन आला की कंपनीच्या पेजवर काय काय असतं ते बघा एकदा. कॅमेरा किती मेगापिक्सेल, स्क्रीन किती हर्ट्झ, चार्जिंग किती वॉट, मागच्या काचेवर ऊन पडल्यावर कसा रंग दिसतो त्याचं वर्णन, कुणीतरी सेलिब्रिटी फोन हातात धरून उभा. स्क्रोल करून करून बोट दुखतं. आणि एवढ्या सगळ्यात "आधीच्या मॉडेलमधलं हे हे आम्ही यातून काढलंय" अशी एक ओळ, एकच ओळ, कुठेही सापडत नाही. मेमरी कार्डाचा स्लॉट गेला, हेडफोन जॅक गेला, नोटिफिकेशनची लाइट गेली, एफएम गेला, आणि हे सगळं आपण कधी शोधायचं तर पैसे भरून झाल्यावर, सगळा डेटा ट्रान्सफर करून, बँकेची ॲप परत रजिस्टर करून झाल्यावर. डोकं फिरतं अक्षरशः.

फीचर काढलं याचा राग आहेच, पण तो दोन नंबरचा राग आहे. एक नंबरचा राग लपवाछपवीचा आहे. तुमचा धंदा, तुमचं डिझाइन, काढायचं तर काढा, पण सांगून काढा ना, म्हणजे मी दुसरा फोन बघेन. ते तुम्हाला नकोय म्हणूनच सांगत नाही, हे काय कळत नाही का लोकांना.

आता माझ्याच फोनचं सांगतो. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायला पाहिजे, बरोबर? इतकी जुनी, इतकी साधी गोष्ट की ती फीचर आहे हेच आपण विसरलोय. माझ्या नव्या फोनमध्ये ती कधी होते, कधी होत नाही. बोलता बोलता गालाने म्यूट दाबलं जातं, समोरचा "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का" करत बसतो आणि मी इकडे बोलतच असतो. कधी गालाने कॉल होल्डवर जातो, कधी कीपॅड उघडून कानात टूं टूं वाजतं, एकदा तर वरचा पडदा खाली ओढला जाऊन टॉर्च लागला. डॉक्टरांशी आईच्या रिपोर्टबद्दल बोलत होतो, ते औषधाचा डोस सांगत असताना कॉल कट. परत लावला तर त्यांचा फोन बिझी. आणि व्हॉट्सॲपवर कुणाचा व्हॉइस मेसेज हळू ऐकायला म्हणून फोन कानाला लावावा तर तो स्पीकरवरच मोठ्याने वाजतो, चारचौघांत.

आधी वाटलं पीस खराब आला असेल. मग सेन्सर दाखवणारं एक ॲप टाकलं आणि त्यात प्रॉक्झिमिटी सेन्सरच्या, म्हणजे गाल-कान जवळ आला हे ओळखणाऱ्या पार्टच्या, नावापुढे लिहिलेलं सापडलं, व्हर्च्युअल. म्हणजे सेन्सर नाहीच! खऱ्या सेन्सरमध्ये इन्फ्रारेडचा एक बारीक एलईडी असतो आणि परत आलेला प्रकाश टिपणारा एक डिटेक्टर, कान जवळ आला की प्रकाश परत येतो आणि स्क्रीन विझते, विषय संपला. व्हर्च्युअलमध्ये हा पार्टच नसतो. कानाच्या स्पीकरमधून ऐकू न येणारा आवाज सोडायचा, तो आपटून परत आला की माइकने पकडायचा, त्यात फोन कसा हलला त्याचा हिशोब मिसळायचा आणि सॉफ्टवेअरने अंदाज लावायचा की गाल जवळ असावा. अंदाज! सरळ उभं राहून बोललं तर जमतं त्याला, आडवं पडून किंवा मान तिरकी करून फोन खांद्यात धरला की अंदाज चुकतो.

आणि स्पेसिफिकेशनच्या पानावर काय लिहिलंय? "प्रॉक्झिमिटी सेन्सर". एवढंच. व्हर्च्युअल हा शब्द नाही, तळटीप नाही, काही नाही. माझा सगळ्यात जास्त संताप या एका ओळीवर आहे, कारण ती ओळ लिहिणाऱ्याला माहीत होतं. पार्ट काढला कुणीतरी, ते सॉफ्टवेअर टाकलं कुणीतरी, मीटिंगा झाल्या असतील, पैसे किती वाचतात ते मोजलं असेल, आणि मग पानावर असं लिहायचं ठरलं की वाचणाऱ्याला वाटावं आहेच सेन्सर.

गंमत म्हणून नाही, चीड येते म्हणून सांगतो, हेच तंत्र २०१६ मध्ये शाओमीच्या मी मिक्समध्ये आलं तेव्हा अल्ट्रासाउंड सेन्सर म्हणून छाती ठोकून सांगितलं होतं त्यांनी, कारण वरची कड जवळजवळ गायब केलेली आणि खरा सेन्सर बसवायला जागा नव्हती, म्हणून ते मिरवायचं कारण होतं. म्हणजे सांगता येत नाही असं काही नाही. मिरवायचं असलं की सांगतात, पैसे वाचवायला केलं की गप्प.

कस्टमर केअरचं तर बोलायलाच नको. चॅटवर आधी म्हणे रीस्टार्ट करा. केला. कव्हर काढा, स्क्रीनगार्ड काढा. काढलं. सेफ मोडमध्ये चालवून बघा, अपडेट करा, फॅक्टरी रीसेट करा. सगळं परत लावायला माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि गाल परत म्यूटवर. मग मी सरळ विचारलं की या मॉडेलमध्ये इन्फ्रारेडचा प्रॉक्झिमिटी सेन्सर आहे की नाही, हो किंवा नाही एवढंच सांगा. उत्तर आलं की आमचे फोन उत्तम अनुभवासाठी अत्याधुनिक सेन्सर वापरतात. परत विचारलं. परत तेच, कॉपी पेस्ट. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणतात आतल्या पार्टची माहिती गोपनीय आहे. अरे मी सर्किटचा नकाशा मागितला का? मी विकत घेतलेल्या वस्तूत एक पार्ट आहे का नाही विचारतोय, तो पार्ट आहे असं तुमच्याच पानावर छापलंय, आणि ते गोपनीय? सर्व्हिस सेंटरवरचा मुलगा मात्र सरळ बोलला, म्हणाला सर या मॉडेलचे सगळे असेच आहेत, आम्हाला रोज लोक विचारतात, बदलायला पार्टच नाही तर काय बदलू. त्याच्यावर माझा काही राग नाही, शिव्या त्याने खायच्या आणि ठरवणारे वर बसलेले.

आणि ही एका कंपनीची सवय नाहीये, सगळा धंदाच असा झालाय. ॲपलने जुन्या बॅटरीचे आयफोन अपडेटमधून मुद्दाम स्लो केले, आणि कबूल कधी केलं तर डिसेंबर २०१७ मध्ये, लोकांनी स्पीड मोजून पुरावे समोर टाकल्यावर. कारण त्यांचं बरोबरही असेल, थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं म्हणे, पण मग तेव्हाच सांगायचं होतं ना की बॅटरी बदला, फोन परत पहिल्यासारखा पळेल! किती लोकांनी नवीन फोन घेतले असतील नुसती बॅटरी बदलून भागत असताना. फ्रान्सने २०२० मध्ये यासाठी अडीच कोटी युरोचा दंड ठोकला, आणि दंड कशाचा होता तर ग्राहकाला सांगितलं नाही याचा. सॅमसंगचं २०२२ मध्ये तेच. गेमसाठी म्हणून एक सर्व्हिस आत बसवलेली, ती हजारो ॲपचा वेग दाबत होती आणि स्पीड टेस्टची ॲप तेवढी मोकळी सोडलेली. म्हणजे रिव्ह्यूमध्ये आकडा झकास आणि आपल्या हातात वेगळंच. फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंचने एस१० पासून एस२२ पर्यंतची मॉडेलं आपल्या यादीतून काढून टाकली तेव्हा कुठे माफी आली आणि वेग मोकळा करायचं सेटिंग आलं. हुआवेच्या पी१० मध्ये २०१७ साली एकाच नावाच्या फोनमध्ये कुणाला वेगवान मेमरी, कुणाला तिच्यापेक्षा हळू, आणि किंमत तीच. लोकांनी टेस्ट करून पकडलं म्हणून कळलं.

प्रत्येक वेळी हेच. पकडायचं आपण, मोजायचं आपण, आणि पकडल्यावर ते "पारदर्शकतेला महत्त्व देतो" म्हणणार.

घेतल्यानंतर काढून घेणं हा तर वेगळाच प्रकार. पिक्सेल ४ए वाल्यांना जानेवारी २०२५ मध्ये गूगलने अपडेट पाठवलं, ते आपोआप बसलं आणि बऱ्याच जणांची बॅटरी एकदम तोकडी झाली. सुरुवातीला "बॅटरीची स्थिरता सुधारतोय" असं मोघम बोलले, नेमकं काय बिघडलंय ते सांगितलं नाही, आणि जुनं सॉफ्टवेअर परत टाकायची सोयही काढून घेतली. फुकट बॅटरी बदलून देतो म्हणाले, काही पैसे देतो म्हणाले, मान्य, पण कारण? स्वतःच्या खिशातल्या फोनला काय झालंय ते मालकाला कळू नये? कॉल रेकॉर्डिंगचं पण तसंच, मे २०२२ मध्ये प्ले स्टोअरचा नियम बदलला आणि ज्या ॲपवर लोक वर्षानुवर्षं अवलंबून होते ती एका झटक्यात बाद. प्रायव्हसीचा मुद्दा मी समजू शकतो, खरंच समजू शकतो, पण फोन घेताना हे चालत होतं आणि आता नाही, याची जबाबदारी कुणाचीच नाही?

आयफोनची रॅम किती हे तर ॲपल स्वतःच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर लिहीतच नाही. एवढा महागाचा फोन, आणि रॅमचा आकडा कळायला कुणीतरी तो उघडायचा नाहीतर डेव्हलपरच्या टूलमधून खणून काढायचा.

टाइप-सीचा घोळ सगळ्यात वाईट कारण तो दिसतच नाही. भोक तेच, केबल तीच, पण आतून कुठला वेग आहे ते कंपनीला वाटलं तर सांगणार. माझ्या फोनच्या पानावर "यूएसबी टाइप-सी" एवढंच आहे. मी मॉनिटरला जोडला, काळी स्क्रीन. केबल बदलली, काळी स्क्रीन. मग शोधाशोध करून कळलं की आत यूएसबी २.० आहे, ज्याचं स्टँडर्ड २००० साली आलं, ४८० मेगाबिटचं, आणि डिस्प्ले बाहेर पाठवायची सोयच आत दिलेली नाही. आधीच्या फोनमध्ये जात होता, त्याच कंपनीच्या. पानावर एक ओळ वाढवली असती तर काय बिघडलं असतं? मी फोन घेतला नसता, हेच बिघडलं असतं.

वर काही लोक कंपनीचे वकील असल्यासारखे येतात. कोण ऐकतं रे एफएम, कोण लावतं वायरचा हेडफोन, जमाना बदलला. तू नको ऐकूस बाबा. नेटवर्क गेलं, पूर आला, लाइट नाही, तेव्हा रेडिओ चालतो आणि डेटा चालत नाही. चार्ज न करता चालणारा हेडफोन ज्याला पाहिजे त्याला पाहिजे, त्यात जुनाट काय आहे? आणि जमाना आपोआप नाही बदलला, बदलवलाय. ७ सप्टेंबर २०१६ ला ॲपलने जॅक नसलेला आयफोन ७ दाखवला आणि त्याच कार्यक्रमात स्वतःचे वायर नसलेले एअरपॉड्सही जाहीर केले. सॅमसंगने त्यावरून ॲपलची टिंगल करणाऱ्या जाहिराती केल्या, मग २०१९ मध्ये नोट १० मधून स्वतः जॅक काढला आणि त्या जाहिराती गुपचूप हटवल्या. चार्जरचं परत तसंच, आयफोन १२ च्या बॉक्समधून चार्जर गेला तेव्हा पोस्ट टाकून चिडवलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये एस२१ च्या बॉक्समधून स्वतःचा गायब, शिवाय मेमरी कार्डाचा स्लॉट पण. पोस्ट डिलीट. म्हणजे आपण काय बोललो होतो ते सुद्धा लपवायचं.

सांगायला लावलं की सांगतात बरं का. युरोपात २० जून २०२५ पासून फोनवर लेबल लावावं लागतं, एका चार्जमध्ये किती तास चालेल, बॅटरी किती वेळा चार्ज केल्यावर थकेल, पडला तर कितपत टिकेल, दुरुस्तीला किती सोपा, सगळं ठरलेल्या पद्धतीने मोजून छापायचं. छापतायत ना गपगुमान? मग "गोपनीय" गेलं कुठे? फॅक्टरीत सगळी माहिती आधीपासून असतेच, फक्त आपल्यापर्यंत येऊ द्यायची नसते. मला त्याच्यात अजून एक रकाना पाहिजे, त्याच पानावर, त्याच अक्षरात, तळाशी राखाडी रंगात बारीक करून नाही, की मागच्या मॉडेलमध्ये होतं आणि यात नाही ते हे, आणि जिथे खऱ्या पार्टऐवजी सॉफ्टवेअरचा अंदाज आहे तिथे तसं स्पष्ट लिहा. आणि ती शेवटची ओळ काढा, "स्पेसिफिकेशन पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात". का बदलू शकतात? मी दिलेले पैसे पूर्वसूचनेशिवाय बदलले तर चालेल का तुम्हाला?

तोवर कुणी फोन घेणार असाल तर पेज वाचून घेऊ नका, हातात घ्या, दुकानातल्या डेमो फोनवर कॉल लावून कानाला धरा, मान वाकडी करून धरा, सेन्सरचं ॲप टाकू देतायत का विचारा, आणि यूएसबीचा नंबर लेखी मागा. नाही दिला तर उत्तर तिथेच मिळालं.

माझी तक्रार काल त्यांनी "समस्या सोडवली" असा शेरा मारून बंद केली. मी परत उघडलीये आणि प्रश्न तोच टाकलाय, सेन्सर आहे की नाही, हो किंवा नाही. या वेळी त्यांच्याच स्पेसिफिकेशनच्या पानाचा आणि सेन्सर ॲपचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी जोडलाय, आणि उत्तर आलं नाही तर हेच दोन स्क्रीनशॉट ग्राहक मंचात जातील.